अंग चोरू नका!

दिवाळीच्या चार दिवसांत तेलाची वाटी घरभर फिरते. नरकचतुर्दशीला आई मुलांना तेल लावते, पाडव्याला बायको नवऱ्याला, भाऊबीजेला बहीण भावाला. घरातल्या बहुतेक पाठींना कोणाचा तरी हात लागतो. राहता राहते ती वाटी धरणारीची पाठ. ती शेवटी उरलेले तेल दोन्ही खांद्यांना ओढते आणि घाईने मोरीत शिरते, कारण फराळाची ताटे मांडायची असतात.

याबद्दल माझी तक्रार नाही. गंमत पुढेच आहे. या बाईला कधी कोणी खरोखरच तेल लावायला आले, तर तिला ते लावून घेता येत नाही!

वीस वर्षे फळ्यावर लिहून माझा उजवा खांदा आखडला. वैद्यांनी सात दिवस तेल आणि शेक सांगितला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तेल लावायला आलेल्या मावशींनाच मी निरोप धाडला. आता त्या साठी ओलांडलेल्या, पण हात तसाच जड. चटई अंथरली, तिळाचे तेल कोमट केले. मावशींनी माझा हात कोपराशी उचलला आणि सोडून दिला.

वाचकहो, तो खाली पडायला हवा होता. तो हवेतच राहिला, उत्तर येणाऱ्या विद्यार्थ्यासारखा!

"ताई, तुम्ही मदत नका करू," मावशी म्हणाल्या. पण त्यांनी पाय धरायच्या आत मी पाय उचलून दिलेला, "पालथ्या व्हा" म्हणायच्या आत मी पालथी. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "किती अंग चोरताय!"

मराठी शिकवणारीला असे काही ऐकवले की दुखणे बाजूला राहते आणि शब्दच चघळला जातो. अंग चोरणारे दोन जातींचे. कामचुकार माणूस अंग चोरतो, आणि गर्दीच्या बसमध्ये बाईही अंग चोरूनच उभी राहते. पहिल्याला आपण नावे ठेवतो, दुसरीला वळण म्हणतो. वर्षानुवर्षे या वळणात राहिलेले खांदे कानांच्या दिशेने वर सरकतात आणि तिथेच मुक्काम करतात. ते वर आहेत हेसुद्धा आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागते.

बरे, "सैल सोडा" म्हटल्याने कोणी सैल होत नाही. व्याकरणात आज्ञार्थ बहुतेक क्रियापदांना लागतो. देहाला मात्र 'झोप' आणि 'सैल हो' या दोन आज्ञा कळत नाहीत. शिकागोच्या एडमंड जेकबसन या वैद्यकशास्त्रज्ञाने 1929 साली या विषयावर ग्रंथच लिहिला. त्याची युक्ती उलटी. स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, तो ताण नीट ओळखायचा, मग सोडून द्यायचा. मी मूठ आवळून पाहिली. मूठ सुटली, खांद्याने दाद दिली नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींनी खांद्याचा नाद सोडला आणि तळपायांपासून सुरुवात केली. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दुसऱ्या अध्यायात अभ्यंग रोज करावा, आणि डोके, कान व पाय यांना तेल विशेष लावावे, असे सांगितले आहे. मावशींनी वाग्भट वाचलेला नाही. त्यांचे शास्त्र असे, की दुखरा खांदा पहाऱ्यावर असतो, पाय बिचारे बेसावध. शिवाय त्या झटका म्हणून देत नाहीत. अवचित ताणलेला स्नायू उलट आवळतो, हे शरीरशास्त्राचे पुस्तकही सांगते. तेलाने मडके, कातडे आणि गाडीचा आस टिकतो तसा देह टिकतो, हा चरकाचा दृष्टांत मी त्यांना ऐकवला. त्यांना आस तेवढा पटला. "वंगण नको होय?" म्हणाल्या.

खरी अडचण निराळी होती. आपल्याहून वयाने मोठी बाई घाम गाळते आहे आणि आपण आडवे पडून आहोत, हे मला सोसत नव्हते. म्हणून मी चहा विचारी, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करी, सुनेचा विषय काढी. चौथ्या दिवशी मावशींनी हात थांबवला.

"ताई, गप्प पडा बघू. बोललात की तुमची मान ताठ होते, अन् मला दुप्पट जोर लागतो. तान्हं पोर मांडीवर रडतं, पण वजन सगळं माझ्यावर टाकतं. तुम्ही तुमचं वजन तुमच्यापाशीच ठेवता."

म्हणजे माझी भीड त्यांच्याच मनगटांना भोवत होती! पडून राहणे हे माझ्या वाटणीचे काम होते आणि मावशी ते हक्काने मागत होत्या. काम म्हटल्यावर मात्र मला जमू लागले. मी डोळे मिटले, श्वास लांब सोडला आणि हाताचा भार मावशींच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो सोडला तेव्हा हात धपकन चटईवर पडला. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देत होता. किती झाल्या, हे लेकीने विचारले तेव्हा मला सांगता आले नाही.

खांद्याचे म्हणाल, तर हात आता फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचतो. वेणी घालताना अजून कळ येते. दिवाळी आटोपली की मावशी आणखी सात दिवस येणार आहेत.