अनुकंपा कोणावर?

आपल्या कचेऱ्यांत ‘अनुकंपा’ हा शब्द केवळ नियुक्तीपुरता उरला आहे. कर्मचारी निवर्तला की त्याच्या वारसाच्या अर्जावर तो लिहिला जातो. पण वडिलांचे तेरावे उरकून टेबलाशी परतलेल्या कर्मचाऱ्याच्या वाट्यास तो येत नाही. १९७२ च्या केंद्रीय रजा नियमांत, २०२२ साली नवजात मूल गमावलेल्या मातेस दिलेली ६० दिवसांची विशेष रजा सोडल्यास, शोकासाठी निराळी रजा नाही. नैमित्तिक रजा वर्षाला ८ दिवस. गुवाहाटीहून घर गाठण्यातच त्यांतले दोन-तीन सरतात. अर्जित रजा आहे खरी, परंतु रजा हा हक्क नव्हे, असे तेच नियम बजावतात. म्हणजे सारे वरिष्ठाच्या मर्जीवर!

‘सांत्वन आप्तांनी करावे, नेतृत्व अधिकाऱ्याने,’ असे म्हणणाऱ्यांस आमचा प्रश्न आहे : परप्रांती बदलीच्या गावी आप्त कोठून आणावेत? २०२० साली मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’खाली प्रशिक्षणाचा मोठा व्याप चालतो. परंतु शोकग्रस्ताशी काय बोलावे, त्याचे काम किती दिवस हलके ठेवावे, हे ज्यास उमगले नाही, त्यास नेतृत्व आले असे आम्ही मानीत नाही. ही दोन शिक्षणे एकच आहेत.

वाचकहो, आपल्यांपैकी अनेक जण आज त्या खुर्चीवर आहेत. नियम बदलतील तेव्हा बदलोत. अर्जावर सही करताना विचारपूस करण्यास कोणताही नियम आड येत नाही.