शेवटचे चार मैल कापू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर गेले आणि आठवडाभर रील्सचा पूर आला. साचा एकच. रावळपिंडीची कोठडी, भिंतीला भोक, मागे ढोलताशा, आणि ‘मराठी वाघ पाकिस्तानची जेल फोडून पळाला’. तिथे रील संपते. बघणारा धरून चालतो की वाघ घरी पोचला.

तो पोचला नाही. सीमेपासून साधारण चार मैलांवर पकडला गेला. माझं भांडण या कात्रीशी आहे.

कमेंटमध्ये हे लिहिलं की उत्तर ठरलेलं असतं: पोरांना प्रेरणा द्यायची असताना अपयश कशाला उगाळायचं? म्हणजे पारुळकरांचं शौर्य इतकं लेचंपेचं आहे का, की खरा शेवट सांगितला तर ते कोसळेल? १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानावर गोळीबार झाला, उजव्या खांद्याला जखम झाली. लीडरने विमान सोडून उडी मारायला सांगितलं. त्यांनी ते मोडकं विमान तसंच तळावर आणून उतरवलं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. एवढ्या माणसाला आपल्या एडिटिंगची गरज नाही.

१० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. पळायची योजना त्यांचीच. सोबत मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. गोष्टीचा सगळ्यात भारी भाग इथे आहे आणि रीलमध्ये त्याला दोन सेकंद मिळतात. विटांमधलं प्लास्टर हाताला लागेल त्या हत्याराने दिवसेंदिवस खरवडणं. शिवणाच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवणं. शाळकरी अ‍ॅटलासमधून रस्ता काढणं. हे सगळं पहारेकऱ्यांच्या नाकासमोर. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे असली चिवट, कंटाळवाणी मेहनत दिसली की मला ढोलताशापेक्षा जास्त भरून येतं.

१२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ते बाहेर पडले. बसने पेशावर, मग जमरूद, मग लंडी कोतल. पुढे तोरखम आणि अफगाणिस्तान. लंडी कोतलला त्यांनी विचारलं, लंडी खानाला कसं जायचं? अ‍ॅटलासमध्ये रेल्वेचं शेवटचं स्टेशन तेच होतं. पण तो फाटा १९३२ मध्येच बंद झालेला. चाळीस वर्षं जुना डेटा. तिथे जायला कोण कशाला निघेल? लोकांना संशय आला आणि खेळ संपला.

ही चूक फालतू वाटत असेल तर एकदा हेमलकशाला या. मी इथे राहून काम करतो. भामरागडच्या आसपास मोबाइलचा नकाशा हातात धरून एखाद्या पाड्याचा रस्ता विचारून बघा. कागदावरचं नाव एक आणि माडिया माणसं घेतात ते दुसरं असलं, की समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग बुटांकडे. तुम्ही कोण, कुठून आलात, कुणाकडे निघालात, हे त्याने पाच मिनिटांत ताडलेलं असतं. जंगल असो की खैबर, अशा मुलखात परका माणूस लपत नाही. हे माहीत झालं की त्या तिघांनी बाजारात उभं राहून रस्ता विचारला, याचीच छाती दडपते. रीलवाल्याला हे कळूच शकत नाही, कारण त्याने लंडी कोतलच कापून टाकलंय.

आणखी एक गोष्ट कापली जाते. पकडल्यावर जमावाच्या तावडीतून ते वाचले, त्यात एका पाकिस्तानी अधिकाऱ्याचा हात होता. छावणीतल्या दिवसांपासून त्याची ओळख होती, त्याचंच नाव या तिघांनी पुढे केलं. शत्रूचा माणूस भला निघाला की व्ह्यूज पडत असावेत.

ते तिघं आणि बाकीचे वैमानिक १ डिसेंबर १९७२ ला वाघा ओलांडून परत आले. पारुळकरांना पुढे विशिष्ट सेवा पदक मिळालं. २०१९ मध्ये या पळापळीवर सिनेमाही आला.

आता फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्यावरची एक रील मला शोधून द्या. तेही सुखोई-७ चेच वैमानिक, मराठी नावाचे. पारुळकरांच्या पाच दिवस आधी, ५ डिसेंबर १९७१ ला पाडले गेले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या यादीत ‘टॉम्बे’ असं नाव पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आलं. १ डिसेंबरला वाघ्यावर आलेल्यांत ते नव्हते. ‘मिसिंग ५४’ मध्ये त्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी, दशकानुदशकं सरकारचे उंबरे झिजवत राहिल्या. ढोलताशा इथे वाजवता येत नाही, कारण भिंतीला भोक पडलेलं नाही आणि शेवटही माहीत नाही.

२००७ मध्ये बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांना पाकिस्तानचे तुरुंग बघायची परवानगी मिळाली. दमयंती तांबे त्यांच्यात होत्या. एक एक तुरुंग बघून सगळे परत आले. कुणाचंही माणूस सापडलं नाही.