टाचेतले चार थेंब

बाळाचा मुका घेताना ओठांना मिठाची चव लागते, असे एखादी आजी सहज बोलून जाते. घरातले हसतात आणि विसरतात. पण माय-बहिणींनो, तेच बाळ पोटभर दूध पिऊनही अंग धरत नसेल, त्याची शी तेलकट व फार घाण वासाची होत असेल आणि खोकला हटता हटत नसेल, तर ती खारट चव हसण्यावारी नेऊ नका.

सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक जन्मजात रोग आहे. त्यात घामावाटे मीठ जादा जाते. छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि त्यात जंतू वाढतात. पाचकरस आतड्यात उतरत नाहीत, म्हणून खाल्लेले अंगी लागत नाही. रोग विरळा आहे. पण कुणी त्याला कुपोषण म्हणतो, कुणी दमा, कुणी क्षय, आणि त्यातच वर्षे जातात. बीडच्या उन्हाळ्यात तर अंगातले मीठ निघून गेल्याने असे बाळ मलूल पडते.

ही नजर नव्हे, करणी नव्हे, आणि सुनेचा दोषही नव्हे. आई आणि बाप, दोघांकडूनही एकेक बिघडलेला जनुक आला तरच हा रोग होतो. आईबाप स्वतः धडधाकट असतात. दोघांत तो लपलेला असेल, तर दर खेपेला चारात एक एवढी शक्यता. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन चांगली, असा हिशेब मात्र नाही. दर खेपेला डाव नवा. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करताना एवढे ध्यानात ठेवा, की एकाच घराण्यातला दोष दोन्हीकडून उतरण्याचा संभव तिथे वाढतो.

हा रोग लवकर ओळखता येतो. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थोडे थेंब जाड कागदावर घेतात आणि वाळवून तपासतात. या वाळलेल्या थेंबांवरून हा रोग हुडकण्याची रीत न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९७९ साली दाखवली. जनुक १९८९ साली सापडला. पण युरोपातल्या बहुतेक रोग्यांत जो बिघाड असतो, तो आपल्याकडे तितका आढळत नाही. म्हणून परदेशी ठोकताळ्याने केलेल्या जनुक-तपासणीत आपले मूल सुटू शकते. थेंबांतून शंका कळते. खात्री घामाच्या तपासणीने होते.

गोव्याने २००८ साली नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. आपल्या सरकारी दवाखान्यांत या रोगासाठी प्रत्येक बाळ तपासले जात नाही. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येऊन मुले पाहते. पण दिवाळीनंतर आपली कुटुंबे कोयता घेऊन तोडीला जातात. पथक गावात आणि मूल फडावरच्या कोपीत, अशी चुकामूक होते.

म्हणून चार गोष्टी करा. बाळंतपण दवाखान्यात करा आणि दोन दिवस तरी तिथेच राहा. टाचेच्या रक्ताची तपासणी होते का, हे डॉक्टरांना विचारा. याच थेंबांतून थायरॉइडचा जन्मजात दोषही कळतो. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची छोटी गोळी सुरू झाली, तर मतिमंदत्व टळते. बाळाचे कार्ड उचलीच्या पैशाइतकेच जपून फडावर न्या. तिथेही वजन करून घ्या. आणि वर सांगितलेली लक्षणे दिसली, तर जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभाग गाठा. घामाच्या तपासणीसाठी कुठे जावे, हे तेथे विचारा.

रोग मुळातून जात नाही. पण पाचकरसाची औषधे, वेळेवर मीठ, तूप-तेलाचा सकस आहार, पाठ थोपटून कफ काढणे आणि जंतूंवर लगेच औषध, एवढ्यानेही मूल वाढते, शाळेत जाते. उशीर झाला, की फुप्फुसाचे झालेले नुकसान भरून येत नाही. पीक पिवळे पडल्यावर आपण दुसऱ्या दिवशी दुकान गाठतो. लेकराच्या बाबतीत वर्ष घालवू नका.