डायलिसिस मोफत, पण मजुरी बुडते

आटपाडी तालुक्याला वाटपाचा प्रश्न नवा नाही. नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने 1993 साली येथे पाणी परिषद भरली आणि कृष्णेच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची मागणी दुष्काळी तालुक्यांनी लावून धरली. त्याच वर्षी अमेरिकेत एक वैद्यकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडू लागलेल्या रुग्णांना कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरील औषध दिले असता मृत्यूचा वा डायलिसिसचा धोका निम्म्याने घटतो, असे त्यात दिसून आले. टेंभू योजनेचे पाणी उशिरा का होईना, माणदेशात आले. या ज्ञानाचे वाटप मात्र कोणत्याही परिषदेच्या विषयपत्रिकेवर आले नाही.

हा आजार दबक्या पावलांनी येतो. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मूत्रपिंडाच्या गाळण्या झिजतात आणि लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते. रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. पायांवर सूज येऊन तो दवाखाना गाठतो, तोवर बरेचसे नुकसान झालेले असते. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. राबणाऱ्या माणसाला त्या टाळणे सोपे नसते, हेही खरे.

पुढे डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. एका खेपेला यंत्रातून सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी वाहते आणि रुग्णाला स्वतःला मात्र दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागते. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 पासून आहे, राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार बसतो. म्हणजे यंत्राचे पैसे सरकार भरते. पण आटपाडीहून मिरज नव्वद-शंभर किलोमीटर. तेथे जावे लागले तर आठवड्याचे तीन दिवस रुग्णाचे जातात, तितकेच सोबतच्या माणसाचे. एसटीची सवलत तिकिटापुरती. बुडालेल्या दोन मजुऱ्यांचा हिशेब कोणत्याही योजनेच्या खर्चपत्रकात नाही. रुग्ण मग एखादी खेप चुकवतो आणि ‘रुग्ण अनियमित’ असा शेरा कागदावर पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे.

आंध्र प्रदेशाने 2019 साली डायलिसिसवरील रुग्णांसाठी दरमहा 10,000 रुपयांचे निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्राला ते परवडणार नाही, असे कोणी म्हणू नये. घरी करता येणाऱ्या पोटातील डायलिसिससाठीही केंद्राने 2019 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. परंतु स्वच्छ खोली आणि द्रावणाच्या पिशव्यांचा अखंड पुरवठा यांवाचून ते वाडीवस्तीवर जंतुसंसर्गालाच आमंत्रण ठरेल.

त्याहून स्वस्त काम आधीचे आहे. प्रत्येक मधुमेही रुग्णाची वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणी उपकेंद्राच्या पातळीवरच झाली पाहिजे. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या मिळाल्या पाहिजेत. मूत्रपिंडाला जपणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च 2025 मध्ये भारतात संपले आणि किमती उतरल्या. तेही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधयादीत यावे. गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेल्या खानापूर-आटपाडीच्या माणसांना सुट्टीत गावी आल्यावर ही तपासणी करून घेता यावी, एवढी सोय तर जत्रेच्या दिवसांत सहज करता येईल.