दहा जुलैला कसले श्रेय?

जुलै उजाडला की एक लेख हटकून छापून येतो. लिहिणाऱ्याचे नाव बदलते, मजकूर बदलत नाही. यंदाच्या लेखाचे कर्ते बहुश्रुत आहेत, त्यांची भाषा गोड आहे आणि वाचकवर्गही मोठा आहे. म्हणून तर गप्प बसवत नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. १० जुलै ही तारीख विजेते घडवते. पुरावा म्हणून त्यांनी यादी दिली आहे: क्रिकेटमधले सुनील गावसकर, टेनिसमधले आर्थर अ‍ॅश आणि व्हर्जिनिया वेड, मुष्टियोद्धा जेक लामोटा, बेसबॉलपटू आंद्रे डॉसन, जर्मनीचा फुटबॉलपटू मारिओ गोमेझ. देश निराळे, खेळ निराळे, वर्ण निराळे. जन्मदिवस मात्र एक. एक आणि शून्य मिळून एक, एक हा सूर्याचा अंक, सूर्य म्हणजे तेज आणि नेतृत्व, झाले सिद्ध! एवढ्यावर थांबले असते तर करमणूक म्हणून सोडून दिले असते. पण लेखाच्या शेवटी सल्ला आहे: आईबापांनी मुलाला मैदानावर धाडण्याआधी त्याची जन्मतारीख जाणकाराकडून तपासून घ्यावी. हा सल्ला वाचून एखादा बाप आपल्या पोरीची रॅकेट माळ्यावर टाकून देईल, आणि त्या पोरीला कारणही कळणार नाही. माझा राग त्यासाठी आहे.

किरकोळ आक्षेप आधी उरकतो. वर्षाचे दिवस ३६५, लीप वर्षी ३६६. आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळलेली माणसे हजारोंनी. त्यामुळे कोणताही दिवस घ्या, त्यावर नामवंत खेळाडूंची रांग लागणारच. नुसती तेवीस माणसे एका खोलीत जमली तरी त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. हे साधे गणित आहे.

ब्रॅडमन २७ ऑगस्टचे, ध्यानचंद २९ ऑगस्टचे, तेंडुलकर २४ एप्रिलचा. यांतल्या एकाही तारखेचा अंक एक येत नाही. त्यांच्यासाठी मग नऊचा मंगळ, दोनचा चंद्र आणि सहाचा शुक्र काढला जातो. कोणताही आकडा आला तरी जे शास्त्र बरोबरच ठरते, ते काहीच सांगत नसते.

लामोटाचे नाव यादीत घालताना लेखकाने त्याचे चरित्र चाळले होते का? १९४७ मध्ये बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण मुद्दाम हरलो, अशी कबुली त्याने १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर दिली. ज्या तारखेने अ‍ॅशला सचोटी दिली म्हणता, तिनेच लामोटाला ही बुद्धी दिली काय?

आणि तारखेचाच हट्ट असेल तर २४ एप्रिल १९९८ ची शारजातली रात्र आठवा. सचिन तेंडुलकरचा पंचविसावा वाढदिवस. त्याने १३४ धावा केल्या, भारताने अंतिम सामना जिंकला. समोरच्या संघात गोलंदाज डेमियन फ्लेमिंग होता. त्याचा जन्म २४ एप्रिल १९७० चा. एकच जन्मदिवस, एकच मैदान, एकच रात्र. एकाच्या हाती करंडक आला, दुसरा पराभूत होऊन परतला. तारखेने नेमकी कोणाची बाजू घेतली?

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. लेखकाचा हुकमी एक्का अ‍ॅश आणि वेड ही जोडी आहे, आणि वरवर पाहता तो एक्का खरोखर देखणा आहे. अ‍ॅशचा जन्म १० जुलै १९४३, वेडचा १० जुलै १९४५. १९६८ मध्ये व्यावसायिक आणि हौशी अशा दोघांनाही खुली असलेली पहिली अमेरिकन ओपन स्पर्धा न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला झाली. पुरुष एकेरी अ‍ॅशने जिंकली, महिला एकेरी वेडने. पुढे अ‍ॅशने ५ जुलै १९७५ रोजी विम्बल्डन जिंकले, वेडने १ जुलै १९७७ रोजी. दोघांचाही बत्तिसावा वाढदिवस तेव्हा काही दिवसांवर आला होता. हे वाचून लेखकाच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्यांनी जरा पंचांगाबाहेर पाहायला हवे होते. विम्बल्डन दरवर्षी जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीलाच भरते. १० जुलैला जन्मलेला माणूस ते जिंकणार तर वाढदिवसाच्या आगेमागेच जिंकणार; डिसेंबरात जिंकायची सोयच नाही!

बरे, १९७५ चा तो उन्हाळा सूर्याच्या अंकाला इतका फळला असेल, तर त्याच लंडनमध्ये, त्याच मोसमात तिसऱ्या १० जुलैवाल्याचे काय झाले? ७ जूनला लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा सामना होता. इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या होत्या. गावसकर डावभर खेळले आणि १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत बोचरा डाव. ज्यांना १० जुलैच्या तेजाचा महिमा गायचा आहे, त्यांनी हा दिवसही यादीत घ्यावा.

पण माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. फॉरेस्ट हिल्सच्या त्या स्पर्धेकडेच नीट पाहा. जन्मदिवस एक, स्पर्धा एक, विजेतेपद एक. दोघांच्या हाती काय पडले? पुरुष विजेत्यासाठी १४,००० डॉलर ठेवले होते. अ‍ॅश सैन्यात लेफ्टनंट होता आणि हौशी खेळाडू म्हणून नोंदला गेला होता. डेव्हिस कप खेळायचा तर तसे राहणे त्याला भाग होते. त्यामुळे ती रक्कम त्याला घेता आली नाही. ती गेली अंतिम सामन्यात हरलेल्या टॉम ऑकरला. अ‍ॅशला मिळाला दैनंदिन भत्ता. वेडने त्या वर्षीची विम्बल्डन विजेती बिली जीन किंग हिला अंतिम सामन्यात हरवले. तिला बक्षीस घेता आले, पण ते ६,००० डॉलर होते. पुरुषांच्या बक्षिसाच्या निम्मेही नाही. एकाला नियमाने अडवले, दुसरीला बाई म्हणून कमी दिले. यात सूर्य कुठे आला? ही माणसांनी लिहिलेली नियमावली होती. आणि ती माणसांनीच बदलली. किंग आणि तिच्या सहकारी महिला खेळाडूंनी आवाज उठवला, तेव्हा १९७३ पासून अमेरिकन ओपनमध्ये पुरुष आणि महिलांना समान बक्षीस मिळू लागले. विम्बल्डनला तेवढी समज यायला २००७ साल उजाडावे लागले.

त्याआधीची वर्षे पाहा. अ‍ॅश व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडचा. कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या ब्रूक फील्ड क्रीडांगणाची देखरेख त्याचे वडील करत. घरही त्याच आवारात होते. म्हणून त्याच्या हाती रॅकेट आली. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. रॉन चॅरिटी नावाच्या तरुणाने त्याला पहिले धडे दिले, लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांनी त्याला घडवले. शहरातल्या बर्ड पार्कची कोर्ट्स फक्त गोऱ्यांसाठी होती. तिथून त्याला परत पाठवले गेले. शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी त्याला सेंट लुईसला जावे लागले, कारण हिवाळ्यात सराव करायला रिचमंडची बंदिस्त कोर्ट्स त्याला बंद होती.

वेड जन्मली इंग्लंडमधल्या बोर्नमथला, पण तान्ही असतानाच दक्षिण आफ्रिकेत गेली. वडील दरबानमध्ये अँग्लिकन चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू. ती टेनिस शिकली ती त्या देशात, जिथे गोऱ्या मुलीला मैदाने खुली होती. त्याच देशाने १९७० मध्ये अ‍ॅशला व्हिसा नाकारला. एकाच तारखेला जन्मलेली ही दोन माणसे: एकीचे बालपण जिथे गेले, त्या भूमीवर दुसऱ्याला पाऊल ठेवायला बंदी, ती केवळ कातडीच्या रंगामुळे. १९७३ मध्ये अखेर त्याला जाता आले, तेव्हा प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसवायचे नाही, अशी अट घालून तो जोहान्सबर्गला खेळला. हा निग्रह त्याला कोणत्या अंकाने दिला? तो रिचमंडच्या बंद फाटकापुढे तयार झाला.

म्हणूनच मी म्हणतो की तारखेला श्रेय देणे हा निरुपद्रवी छंद नाही. अ‍ॅशचे यश सूर्याचे ठरवले की बर्ड पार्कचे फाटक बंद करणारे सुटतात, आणि डॉ. जॉन्सन यांचे कष्टही पुसले जातात.

इथे एक जुना वाद पुन्हा उकरणे भाग आहे. एका क्रीडा परिसंवादात एका वक्त्यांनी मला बजावले होते की जन्मवेळ अचूक नसेल तरच कुंडली चुकते, एरवी नाही. मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणतो: महाराष्ट्रात हे बोलूच नका. आपल्या खेड्यापाड्यांत एका अख्ख्या पिढीचा जन्म कागदोपत्री १ जूनचा आहे. पोराला शाळेत घालायला नेले की गुरुजी विचारत, जन्म कधीचा? बाप म्हणे, मोठा पाऊस झाला त्या साली. गुरुजी बोटांवर हिशोब करून १ जून लिहून मोकळे होत. त्या पोरांत कोणी जिल्हाधिकारी झाला, कोणी ऊसतोड मजूर राहिला. त्या सगळ्यांचा अंक एकच ना? यावर त्या वक्त्यांकडे उत्तर नव्हते. वेळ संपल्याचे सांगून त्यांनी विषय बदलला.

आणि खुद्द गावसकरांची गोष्ट? ती त्यांनीच ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. मुंबईच्या रुग्णालयात जन्म झाला त्या दिवशी त्यांचे काका नारायण मसुरेकर बाळाला पाहायला आले. बाळाच्या डाव्या कानापाशी एक बारीकसे छिद्र त्यांच्या नजरेने टिपले. दुसऱ्या दिवशी आले तर आईजवळच्या बाळाच्या कानाला ते छिद्र नव्हते! शोधाशोध झाली, तेव्हा खरे बाळ एका कोळणीच्या कुशीत झोपलेले सापडले. काकांची नजर चुकली असती तर १० जुलैचे ते बाळ कोळीवाड्यात वाढले असते, आणि तारीख तीच राहिली असती. दुसरे बाळही त्याच रुग्णालयात, त्याच सुमारास जन्मलेले. त्याच्या सूर्याने काय केले, याची चौकशी आमच्या लेखकांना कधी सुचली नाही.

खंडन झाले. आता माझे म्हणणे.

जन्मतारखेचा खेळावर परिणाम एकाच मार्गाने होतो, आणि तो मार्ग वयोगटाच्या नोंदवहीतून जातो. कॅनडात मुलांच्या आइस हॉकीत वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. रॉजर बार्न्सले आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले फार अधिक आहेत. कारण उघड आहे. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलाहून जवळपास वर्षभराने मोठा असतो. लहान वयात तेवढ्याने उंची आणि ताकद वाढते, निवड त्याची होते, चांगला प्रशिक्षकही त्यालाच मिळतो. तारखेचे सामर्थ्य असेल तर ते एवढेच, आणि नोंदवहीचा नियम बदलला की तेही बदलते.

बाकी सारे माणसांचे. घराच्या गॅलरीत टेनिसचा चेंडू टाकणाऱ्या मीनल गावसकरांचे, ज्यांच्या नाकावर मुलाने मारलेला चेंडू बसला, रक्त आले, तरी तोंड धुऊन त्यांनी पुन्हा गोलंदाजी केली. मामा माधव मंत्री यांचे, ज्यांच्याकडे भाच्याने भारतीय संघाचा स्वेटर मागितला तर तो घाम गाळून कमवायचा असतो, असे त्यांनी सांगितले. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा आणि १९८७ मध्ये अहमदाबादला दहा हजारावी धाव, यांच्या मुळाशी ही माणसे आहेत.

एका दिवशी जन्मलेल्यांच्या याद्या जरूर करा. मला त्या आवडतात. पण प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: याला मैदान कोणी खुले करून दिले, आणि कोणते फाटक याच्या तोंडावर बंद झाले. १० जुलै १९९६ रोजी रिचमंडच्या मॉन्युमेंट अव्हेन्यूवर अ‍ॅशचा पुतळा उभा राहिला, तोवर तिथे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानींचे पुतळे होते. त्या शहराने वाढदिवस निवडला, पण गौरव केला तो माणसाचा.

आणि आईबापांना कळकळीची विनंती: मुलाची पत्रिका घेऊन जाणकाराच्या दारात जाऊ नका. त्याचा हात धरून जवळच्या मैदानावर जा. तिथे फाटकाला कुलूप असेल, तर ते कोणी लावले हे विचारा.