धूळ कोण मोजणार?

चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळसा पट्ट्यातील वस्त्यांमध्ये खोकणारा माणूस ही काही नवी गोष्ट नाही. दवाखान्यात गेला की टी.बी. म्हणून त्याला गोळ्या दिल्या जातात. गोळ्या संपतात, खोकला संपत नाही. त्याच्या फुफ्फुसात साचलेली धूळ कोळशाची की दगडाची, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण तो विचारला तर पुढचा प्रश्न येतो : ही धूळ मोजण्याची जबाबदारी कोणाची होती?

कोळशाची काळी धूळ डोळ्यांना दिसते. तिच्याहून घातक आहे ती दगडातून निघणारी सिलिका. कोळशाच्या थराच्या वर-खाली वालुकाश्म असतो. भूमिगत खाणीत छताला बोल्ट ठोकण्यासाठी भोक पाडताना, खुल्या खाणीत कोळशावरचा दगडमातीचा थर, म्हणजे ओबी, फोडताना आणि उचलताना सिलिकाचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. ते फुफ्फुसात खोलवर रुततात आणि फुफ्फुस हळूहळू कडक होत जाते. या सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. सिलिकामुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले आहे. आणि ओबीचे काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे आहे. त्या कंत्राटी मजुरांत आपली माणसे किती, हे या सदराच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. धूळ जात विचारीत नाही हे खरे. पण धुळीत कोणाला उभे करायचे, हे या देशात जातच ठरवीत आली आहे.

धूळ मोजण्याचे शास्त्र अवघड नाही. कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ गाळणी. पाळी संपली की गाळणीवरची धूळ तोलायची आणि प्रयोगशाळेत तिच्यातील सिलिका शोधायची. प्रश्न शास्त्राचा नसून तो पंप कोणाच्या कमरेला बांधला जातो याचा आहे. नमुने घेण्याची जबाबदारी खाण व्यवस्थापनाची. म्हणजे ज्याच्यावर आरोप येऊ शकतो, मोजपट्टी त्याच्याच हाती! ड्रिलवर राबणाऱ्याऐवजी केबिनमध्ये बसणाऱ्याच्या कमरेला पंप बांधला, तर कागदावर खाण स्वच्छच दिसणार.

२०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी श्वासात जाणाऱ्या धुळीची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम ठेवली. सिलिका पाच टक्क्यांहून जास्त असेल तर १० ला त्या टक्केवारीने भागायचे. हिशेब केला तर सिलिकाची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम निघते. अमेरिकेने २०२४ मध्ये खाणींसाठी ती ५० मायक्रोग्रॅम केली. म्हणजे तिथे जी हवा बेकायदा ठरावी, तिच्या दुप्पट सिलिका आपल्या कामगाराने कायदेशीरपणे श्वासात घ्यायची!

अमेरिका म्हणजे कामगारांचा स्वर्ग, असा याचा अर्थ नव्हे. तेथील कोळसा खाणींना हा नियम १४ एप्रिल २०२५ पासून लागू होणार होता. आपल्यासाठी ही तारीख काय आहे ते सांगायला नको. पण उद्योजक न्यायालयात गेले आणि त्याच एप्रिलमध्ये अंमलबजावणी थांबली. त्याच देशात १९३०-३१ साली वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा सिलिकाने भरलेल्या खडकातून खोदला गेला. खोदणाऱ्यांत बहुसंख्य काळे मजूर होते. १९३६ मध्ये संसदीय चौकशीत ४७६ मृत्यूंचा आकडा आला, पुढच्या एका अभ्यासाने तो ७६४ वर नेला. नेमका आकडा आजही सांगता येत नाही. ज्यांच्या जगण्याची किंमत नसते, त्यांच्या मरणाचीही मोजदाद होत नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला गेले. दिल्लीत बसून फायली वाचण्यावर ते थांबले नाहीत. ते स्वतः खाणीत उतरले, कामगारांची घरे पाहिली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश आला. कामगार जिथे राबतो तिथे जाऊन पाहायचे आणि मग कायदा करायचा, ही त्यांची रीत होती. धुळीच्या मोजमापालाही हीच रीत लागू पडते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली आणि १९५२ चा खाण कायदा तिच्यात विलीन झाला. अशा वेळी जुन्या तरतुदी गुपचूप पातळ होण्याचा धोका असतो. म्हणून खाण पट्ट्यातील आपल्या संघटनांनी आताच मागण्या मांडल्या पाहिजेत. सिलिकाची मर्यादा स्वतंत्रपणे ठरवून ती ५० मायक्रोग्रॅम करा. नमुने कामगार प्रतिनिधीच्या समक्ष घ्या. कंत्राटी ड्रिलरच्या आणि डंपरचालकाच्या कमरेलाही पंप बांधा. निकाल मराठी आणि हिंदीत खाणीच्या फाटकावर लावा आणि त्याची प्रत कामगाराच्या हाती द्या. उद्या नुकसानभरपाई मागताना तोच कागद त्याचा साक्षीदार असेल.

सिलिकोसिस हा नुकसानभरपाईस पात्र असा व्यावसायिक रोग म्हणून कायद्यात नोंदला गेला आहे. पण कायद्यातील हक्क पुराव्याशिवाय मिळत नाही, आणि हा पुरावा हवेत उडून जातो. तो पकडून ठेवायचा असेल तर मोजमापावर कामगाराचीही नजर हवी.