पहिल्या पेटीत मध शोधू नये

कीटकशास्त्रातील पीएच.डी. मिळाल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी मी स्वतःची पहिली मधपेटी ठेवली. चेन्नईतील घराच्या गच्चीवर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. सातेरी मधमाश्यांची ती वसाहत कन्याकुमारी जिल्ह्यातून आणली होती. सातव्या आठवड्यात ती निघून गेली. मागे उरली ती रिकामी पोळी आणि त्यांत मेणपतंगाच्या अळ्यांनी विणलेली जाळी.

चूक माश्यांची नव्हती. कन्याकुमारीचे मधपाळ ऑक्टोबरपासून वसाहती वाढवू लागतात, कारण जानेवारीनंतर तेथे रबराच्या कोवळ्या पानांच्या देठांवरील ग्रंथींतून मधुरस पाझरू लागतो आणि त्या वेळी पेट्या माश्यांनी भरलेल्या असाव्या लागतात. मी वसाहत आणली, आणि तिच्याबरोबर नकळत त्या जिल्ह्याचे वेळापत्रकही उचलले. चेन्नईत मात्र ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कोसळतो. वर्षाच्या पावसाचा निम्म्याहून अधिक वाटा याच तीन महिन्यांत पडतो. माश्या दिवसचे दिवस पेटीत अडकल्या. त्यात भर म्हणून मी दर दोन दिवसांनी झाकण उघडत होतो. संशोधकाची जिज्ञासा, दुसरे काय!

सातेरी एका रात्रीत पळते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती आधी पुरेशी सूचना देते. राणी अंडी घालणे कमी करते, कोवळ्या अळ्या दिसेनाशा होतात, साठवलेला मध ओसरतो. बंद कोषांतील शेवटच्या माश्या बाहेर पडल्या की वसाहत उडते. म्हणजे हाती बहुधा आठ-पंधरा दिवस असतात. त्या काळात साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक सायंकाळी द्यावा, माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्यावीत, पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून मुंग्या रोखाव्यात. वसाहत बहुतेकदा थांबते. पण नवा मधपाळ चौकट उचलतो तो मध पाहण्यासाठी. कोठडीच्या तळाशी उभे असलेले तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक अंडे पाहायला त्याला कोणी शिकवलेले नसते. प्रशिक्षणाचे बरेच साहित्य युरोपीय मेलिफेरा माशी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते आणि ती सहसा अशी घर सोडत नाही, हेही एक कारण असावे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फादर न्यूटन यांनी तिरुचिरापल्ली भागात सातेरीला साजेशी लहान पेटी तयार केली आणि ग्रामस्थांना ती वापरायला शिकवले. ती पेटी दक्षिणेत अजूनही चालते. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुतांश वसाहती नष्ट केल्या, तरी अनेक मधपाळांनी वाचलेल्या वसाहतींपासून पुन्हा सुरुवात केली. पेटी होती, पण त्याहून मोलाचे म्हणजे वसाहत वाढवण्याचे कसब त्यांच्या हाती होते.

आपल्याकडील पेटीवाटपाबद्दल माझी तक्रार नेमकी येथे आहे. किती पेट्या वाटल्या, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. वर्षभराने त्यांपैकी किती पेट्यांत माश्या उरल्या, हा रकाना मला क्वचितच आढळला. सह्याद्रीच्या पट्ट्यात जूनच्या तोंडावर पेटी देणे म्हणजे माझ्या ऑक्टोबरची पुनरावृत्ती होय. विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, पेटी देण्याआधी त्या गावात कोणत्या महिन्यात काय फुलते, हे तेथील जाणत्यांकडून लिहून घ्यावे आणि बहर सुरू होताना वसाहत द्यावी. शक्यतो दोन द्याव्यात, म्हणजे एकीची राणी गेली तर दुसरीतील अंड्यांची चौकट देता येते. पहिल्या वर्षी मध काढण्याचे उद्दिष्ट कोणावरही लादू नये.

माझी दुसरी वसाहत जानेवारीत आली. त्या वर्षी मी मध काढला नाही. ऑक्टोबरात पाऊस लागताच पाक देऊ लागलो आणि झाकण दहा दिवसांतून एकदाच, उघडीप पाहून उघडले. डिसेंबरअखेरीस चार चौकटींवर अंडी होती.